महिन्याभरातले बारा फोटो

उन्हाळ्यातला धावपळीचा महिना संपतो आणि फोनवर सूचना येते की जागा संपत आली. उघडून पाहावं तर हजार-बाराशे फोटो. प्रवासातले, पाहुण्यांचे, पाण्यात डुंबणाऱ्या मुलांचे, चालत्या गाडीच्या खिडकीतून घाईत काढलेले, एकाच क्षणाचे सात-सात. शिवाय तिकिटांचे स्क्रीनशॉट, पार्किंगमधल्या खांबाचा नंबर, कुणाच्या तरी औषधांची चिठ्ठी. आवडते फोटो याच ढिगात असतात, पण ते आपण होऊन वर येत नाहीत. ते हुडकावे लागतात. फोटो काढणं इतकं सोपं झालंय की हे हुडकणंच राहून जातं, आणि माझ्या मते सगळी गंमत त्यातच आहे.

महिन्याला बारा फोटो ठेवावेत. आकडा मोघम नाही. आठवड्याला साधारण तीन पडतात. अल्बमच्या समोरासमोरच्या दोन पानांवर बारा फोटो नीट बसतात. वर्षाचे होतात १४४, म्हणजे एका सणसणीत अल्बमचा ऐवज. वीस ठेवले तर निवड ढिली पडते, पाच ठेवले तर महिन्याची चव जाते. बारा म्हटलं की शेवटच्या दोन-तीन फोटोंपाशी खरी ओढाताण होते, आणि त्या ओढाताणीतच कळतं की महिन्यात आपल्याला नेमकं काय भावलं होतं.

पूर्वी ही निवड बटण दाबायच्या आधी व्हायची. कोडॅकचा १८८८ सालचा पहिला कॅमेरा यायचा तोच शंभर फोटोंचा रोल भरून; शंभर झाले की अख्खा कॅमेरा कंपनीकडे परत पाठवायचा. १९०० साली आलेल्या ब्राउनी या खोक्यासारख्या कॅमेऱ्याच्या रोलवर तर सहाच फोटो निघत. सहाच आहेत म्हटल्यावर माणूस थांबतो, बघतो, मग खटका दाबतो. ‘स्नॅपशॉट’ हा शब्द मात्र थांबण्याच्या अगदी उलटा. तो शिकाऱ्यांचा, नेम न धरता झटकन झाडलेल्या गोळीचा. जॉन हर्शेल यांनी १८६० मध्ये तो छायाचित्राला लावला. सुरुवातीच्या काळात प्रकाशचित्रणाला झटकन काही जमतच नव्हतं. लुई दागेर यांनी १८३८ च्या सुमारास पॅरिसमधल्या एका हमरस्त्याचं चित्र घेतलं. रस्ता गजबजलेला होता, पण छाप उमटायला काही मिनिटं लागत, त्यामुळे चालणारी माणसं आणि घोडागाड्या सगळं विरून गेलं. उमटला तो बूट पुसून घ्यायला थांबलेला एक माणूस. आपल्या धावपळीच्या महिन्याचंही असंच होतं. जे थांबून उभे राहिले, ज्यांनी कॅमेऱ्याकडे बघून हसून दिलं, ते सगळे फोटोत असतात. धावपळ तेवढी गायब असते.

म्हणून पहिला सल्ला, कार्यक्रमाच्या कडेला बघा. निघायच्या आधी दारात रचलेल्या बॅगा. परतताना मागच्या सीटवर झोपलेलं पोर, गालावर सीटच्या शिवणीचा वळ. पंख्याखाली वाळत टाकलेले पोहण्याचे कपडे. कुणीतरी कुणाच्या पाठीला मलम लावतंय. अशा फोटोंसाठी कुणाला बोलवावं लागत नाही, रांगेत उभं करावं लागत नाही. फक्त फोन बाहेर यायला हवा, आणि तो झटकन यावा म्हणून कुलूप न उघडता कॅमेरा सुरू करायची खूण आपल्या फोनवर कोणती आहे ती आजच बघून ठेवावी. बऱ्याच फोनवर बाजूचं बटण दोनदा दाबलं की कॅमेरा उघडतो, काहींवर पडदा डावीकडे सरकवावा लागतो. चार वेळा मुद्दाम करून पाहिलं की बोटांना सवय होते.

एक प्रसंग जवळून घेऊ. मुलं पाण्यातून बाहेर येतात आणि तापलेल्या फरशीवरून धावत सुटतात. मागे ओल्या पावलांची रांग. बोटांचे पाच ठिपके, चवड्याचा रुंद पट्टा, टाच. मधल्या भागाची आतली बाजू बहुतेकांची उमटतच नाही. कडा आधी सुकतात, त्यामुळे ठसा बघता बघता आक्रसतो. फरशी चांगली तापलेली असेल तर हातात मिनिटभराचा वेळ आहे. पहिला फोटो उभ्यानंच, सरळ वरून घ्यावा. तो मिळाला की बाकीची घाई कमी होते. इथे एक गोष्ट हमखास बिघडते. फिकट फरशी आणि वर लख्ख ऊन दिसलं की कॅमेऱ्याला वाटतं प्रकाश फार झाला, आणि तो फरशी करडी करून टाकतो. पडद्यावर ठशावर बोट टेकवायचं, शेजारी सूर्याचं छोटं चिन्ह येतं, ते थोडं वर सरकवायचं. फरशी पुन्हा उजळते आणि ठसे गडद उठून दिसतात.

दुसरा फोटो गुडघा टेकून. सूर्य ठशांच्या पलीकडे राहील अशा बाजूला जायचं आणि फोन जमिनीपासून वीतभर उंचीवर आणायचा. आता ओल चमकते आणि तेच ठसे चांदीचे होतात. पण इथे ते सूर्याचं चिन्ह खाली सरकवावं लागतं. चमकणारा भाग एकदा पांढराफटक झाला की त्यातलं काहीही नंतर परत आणता येत नाही. अंधारातलं थोडंफार तरी वर काढता येतं. बोट दोन सेकंद दाबून धरलं तर फोकस आणि उजेड दोन्ही जागीच अडकून राहतात, मग मागून कुणी पळत आलं तरी कॅमेरा गोंधळत नाही. आणि फोन उलटा धरावा, लेन्स खालच्या बाजूला येईल असा. त्या चार-सहा इंचांनी ठशांची रांग लांबच लांब दिसायला लागते. एवढ्यात बहुतेक ठसे उडून गेलेले असतात. हरकत नाही, दोन फोटो मिळाले.

भर दुपारचं ऊन हा या महिन्यातल्या फोटोंचा खरा वैरी. सूर्य डोक्यावर असला की कपाळ आणि नाक उजळतं, डोळ्यांच्या खोबणीत काळं साचतं, हनुवटीखाली दाढी ठेवल्यासारखी सावली पडते. शिवाय माणसं डोळे बारीक करतात. त्यांना ‘हसा’ म्हणून उपयोग नाही, त्यांना सावलीत न्यायला हवं. पण कुठलीही सावली चालत नाही. झाडाखाली पानांमधून उन्हाचे कवडसे येतात आणि चेहऱ्यावर पांढरे चट्टे पडतात, वर पानांचा हिरवट रंग गालांवर चढतो. सगळ्यात चांगली जागा दाराची. उंबरठ्याच्या आत एक पाऊल, तोंड बाहेरच्या उजेडाकडे, फोटो काढणारा बाहेर. अंगणातली जमीन फिकट असेल तर खालून उसळलेला उजेड डोळ्यांखालच्या सावल्या भरून काढतो. फोटोग्राफर ज्यासाठी पांढरा रिफ्लेक्टर बाळगतात ते काम इथे जमीनच करते.

सावलीतले फोटो थोडे निळसर येतात, कारण तिथे उजेड थेट सूर्याचा नसून आकाशाचा असतो. प्रकाशाचा रंग केल्व्हिनमध्ये मोजतात; आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. दुपारच्या उन्हाचा साधारण ५५०० केल्व्हिन, मोकळ्या सावलीतला सात-आठ हजारांपर्यंत, पिवळ्या बल्बचा २७०० ते ३०००. फोन हे आपोआप सांभाळतो, पण खिडकीचा उजेड आणि पिवळा दिवा एकाच चौकटीत आले की चेहऱ्याची अर्धी बाजू निळी आणि अर्धी नारिंगी होते, आणि ते नंतर कशानंच नीट होत नाही. दिवसा आत फोटो काढताना दिवा बंद करावा, एवढाच त्यावर इलाज.

माणूस सावलीत आणि मागे लख्ख ऊन, अशी जागा टाळता येत नसेल तर दिवसाही फ्लॅश लावायला हरकत नाही. फक्त फोनचा फ्लॅश दीड-दोन मीटरपलीकडे पोचत नाही हे ध्यानात ठेवावं. दहा पावलांवरच्या घोळक्यासाठी तो लावणं म्हणजे नुसती बॅटरी जाळणं.

घोळका आला की डोळे मिटण्याचा प्रश्न येतो. माणूस मिनिटाला साधारण पंधरा-वीस वेळा पापणी लववतो. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेतल्या पिअर्स बार्न्स आणि निक स्वेन्सन यांनी याचं गणितच मांडलं आणि त्याला २००६ चा इग नोबेल, म्हणजे हसवून विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा पुरस्कार, मिळाला. नियम वापरायला अगदी सोपा आहे. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर उजेड चांगला असताना माणसांच्या संख्येला तीनने भागा, उजेड कमी असताना दोनने. येईल तितके फोटो काढा, म्हणजे त्यातल्या एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे असण्याची दाट शक्यता. बारा जण उन्हात उभे असतील तर चार फोटो, संध्याकाळी सहा. पन्नास जण असतील तर आशाच सोडा. मी त्यात एक भर घालेन. मोजून काढलेले सगळे फोटो झाले, ‘झालं, झालं’ असं मोठ्यानं म्हटलं, की लगेच आणखी एक काढा. खांदे सैल पडलेले असतात, कुणीतरी शेजारच्याकडे वळलेलं असतं, मुलं निसटलेली असतात. बारांत जातो तो बहुधा हाच फोटो.

फोनची मुख्य लेन्स चांगलीच रुंद असते. तिचा त्रास दोन ठिकाणी होतो. एक, कडेला उभा असलेला माणूस आडवा ताणला जातो. म्हणून टोकाला थोडी मोकळी जागा सोडावी आणि मुलांना कडेला उभं करू नये. दोन, हातभर अंतरावरून काढलेल्या चेहऱ्यात नाक मोठं आणि कान लहान दिसतात. दोष चेहऱ्याचा नाही, अंतराचा. दीड मीटर मागे जाऊन दुप्पट झूम केला की चेहरा जागच्या जागी येतो.

झूमचा हिशोबही एकदा पाहून ठेवण्यासारखा आहे. बारा मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे साधारण चार हजार गुणिले तीन हजार ठिपके. कागदावर स्वच्छ छापायला इंचाला ३०० ठिपके लागतात, म्हणजे सहा बाय चारच्या प्रिंटला अठराशे गुणिले बाराशे. लांबचं जवळ आणणारी वेगळी टेलिफोटो लेन्स नसेल तर झूम म्हणजे नुसती कापाकापी. दुप्पट झूमला दोन हजार गुणिले पंधराशे उरतात, प्रिंट छान येते. चौपटीला हजार गुणिले साडेसातशे, आणि तिथे प्रिंट मऊ पडते. लांबच्या पक्ष्यासाठी नाइलाज असतो. पण चार पावलं पुढे जाणं शक्य असेल तर पायांचा झूम वापरावा.

पळणारी मुलं आणि उडणारं पाणी यांना वेळ पकडावी लागते. समोरून आडवं धावणारं मूल स्वच्छ यायला शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतकं तरी झटपट हवं, आणि पाण्याचे थेंब हवेत गोठायला हजारावा भाग. लख्ख उन्हात फोन आपण होऊन तिथे पोचतो. फजिती होते संध्याकाळी. उजेड उतरला की तो तिसाव्या भागावर येतो, नाइट मोड लागला तर चक्क एक-दोन सेकंद उघडा राहतो, आणि खेळणाऱ्या मुलांच्या जागी भुतं उमटतात. तेव्हा नाइट मोड बंद करायचा आणि झोपाळा टोकाला पोचतो तो क्षण धरायचा. वर गेलेला झोपाळा परत फिरण्याआधी क्षणभर थांबतो, उडी मारलेलं पोरही सगळ्यात वर तसंच थांबतं. तिथे मंद शटरही निभावून नेतं.

आता बारीक पण घात करणारी बाब, लेन्सवरचा घाम. उन्हाळ्यात फोन खिशात असतो, हाताला सनस्क्रीन असतं, बोट लेन्सवरून फिरतंच. तेलकट थर बसला की दिव्यांभोवती फराटे येतात, उन्हातले फोटो धुक्यातून काढल्यासारखे पांढुरके होतात, आणि आपण कॅमेऱ्याला दोष देत बसतो. चष्म्याचं फडकं किंवा स्वच्छ सुती कापड पुरतं. पण अंगावर वाळू असेल तर आधी फुंकर घालून मग पुसावं, नाहीतर वाळूचा कण काचेवर ओरखडा पाडतो. एसीच्या खोलीतून दमट हवेत आलं की लेन्सवर वाफ धरते. ती पुसू नये, पुन्हा धरते. पंधरा-वीस मिनिटं आधी कॅमेरा पिशवीत बंद ठेवून बाहेर आणून ठेवला तर तो हवेइतका गरम होतो आणि वाफ धरतच नाही. तापलेला फोन फ्रिजमध्ये ठेवणाऱ्यांनी हेच उलट्या बाजूनं लक्षात घ्यावं. ओल आतही धरू शकते. फोन तापला की आधी पडदा मंद होतो, मग फ्लॅश बंद पडतो, शेवटी कॅमेराच चालेनासा होतो. तेव्हा कव्हर काढायचं, चार्जिंग थांबवायचं, सावलीत वारा लागेल असा ठेवायचा. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तर तो कधीच ठेवू नये.

काळे चष्मे घालून फोटो काढणाऱ्यांना एक चमत्कार दिसतो. काही फोन आडवे केले की पडदा एकदम काळा पडतो. फोन बिघडलेला नसतो, चष्मा पोलराइज्ड, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश आत सोडणारा असतो. तोच चष्मा काढून लेन्ससमोर धरला आणि हळूहळू फिरवला तर पाण्यावरची चकाकी जाते आणि तळाचे दगड दिसू लागतात. पैसे न मोजता मिळालेला फिल्टरच हा.

इतकं सगळं करताना पाहणं राहून जातं का? ही शंका खरी आहे. लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी कला संग्रहालयात प्रयोग केला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांना काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले, काही नुसत्या पाहायला. ज्या वस्तूंचा फोटो काढला त्या नंतर कमी आठवल्या. कॅमेऱ्यानं पाहिलं म्हणून मनानं पाहिलं नाही, असा काहीसा प्रकार. पण त्याच प्रयोगातला दुसरा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. ज्यांनी वस्तूच्या एखाद्याच भागावर झूम करून फोटो काढला त्यांची आठवण कमी झाली नाही. वस्तूचा जो भाग फोटोत आलाच नव्हता तोही त्यांना आठवत होता. एक तपशील निवडायला मनाला थांबावं लागतं, आणि थांबलं की बाकीचंही आत उतरतं. त्या ओल्या पावलांचं तेच आहे. गुडघा टेकलेला माणूस ती दुपार सहज विसरत नाही.

काढणाऱ्याचं एक दुखणं असतं: तो फोटोत नसतो. महिन्याभराचे हजार फोटो, आणि ज्यानं काढले तो दोन सेल्फींपुरता. रोज एकदा तरी फोन दुसऱ्याच्या हातात द्यावा, विशेषतः मुलांच्या. त्यांचे फोटो वाकडे येतात, डोकी कापली जातात, पण ते तीन फुटांवरून जग बघतात. मोठ्यांच्या कंबरा, टेबलाची खालची बाजू, कुत्र्याचं समोरासमोर तोंड. हे फोटो आपल्याला कधीच सुचले नसते.

आता निवड. ती दोन फेऱ्यांत करावी आणि दोन्हींमध्ये अंतर असावं. पहिली फेरी महिना संपल्यावर आठवड्याच्या आत, तासाभराची. हिच्यात आवड-नावड बघायचीच नाही, फक्त कचरा काढायचा. आधी स्क्रीनशॉट, चिठ्ठ्या, खांबांचे नंबर. मग हललेले, मिटल्या डोळ्यांचे. मग एकाच क्षणाच्या सात फोटोंतला एक ठेवून बाकीचे सहा. सात फोटो एकामागून एक बघत बसलं की डोळे थकतात आणि सगळेच सारखे वाटतात. त्यापेक्षा पहिले दोन शेजारी ठेवायचे, हरलेला काढायचा, जिंकलेल्याला तिसऱ्यासमोर उभं करायचं. सहा लढती, मिनिटभराचं काम. तुलना करताना हात-पाय पाहू नयेत, आधी डोळे बघावेत, मग तोंड, मग मागची पार्श्वभूमी. डोक्यातून उगवलेला खांब तिथेच सापडतो.

याच फेरीत एक चूक भल्याभल्यांकडून होते. फोन आणि क्लाऊड एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे ‘क्लाऊडवर आहेच’ म्हणून फोनमधून पुसलेला फोटो क्लाऊडवरूनही पुसला जातो. पुसलेले फोटो कचरापेटीत सेवेप्रमाणे साधारण ३० ते ६० दिवस राहतात, तोवर परत आणता येतात, पुढे नाही. म्हणून मोठी साफसफाई करण्याआधी सगळे मूळ फोटो संगणकावर किंवा हार्ड डिस्कवर एकदा उतरवून घ्यावेत आणि ते तिथे उघडतात का हे पाहावं.

दुसरी फेरी महिनाभरानं. रस्त्यावरच्या आयुष्याचे फोटो काढणारे गॅरी विनोग्रँड आपले रोल मुद्दाम उशिरा धूत, वर्ष-वर्ष थांबत. फोटो काढतानाचा आनंद विसरला तरच फोटो नीट दिसतो, असं त्यांना वाटे. त्या थांबण्याला दुसरी बाजूही आहे. १९८४ मध्ये ते गेले तेव्हा सुमारे अडीच हजार रोल न धुतलेले निघाले. घरच्या फोटोंना वर्ष देण्याची गरज नाही, पण महिनाभर दिलाच पाहिजे. महिना संपल्या-संपल्या आपण कष्टाला गुण देतो. तो डोंगर चढायला चार तास लागले होते, म्हणून त्याच्या माथ्यावरचा फोटो चांगला वाटतो. महिन्यानं पाय दुखायचे थांबलेले असतात आणि दिसतं की माथ्यावर नुसतं पांढरं आकाश आहे. त्याच्या आधीचा, अर्ध्या वाटेवर दगडावर बसून बुटातला खडा काढणाऱ्या माणसाचा फोटो आता वर येतो.

बारा निवडताना मी एकच कसोटी लावेन. या फोटोबद्दल, फोटोत दिसत नसलेलं एखादं वाक्य सांगता येतं का? येत असेल तर तो ठेवावा, मग किंचित हललेला का असेना. सूर्यास्ताबद्दल बहुतेकदा असं वाक्य सापडत नाही. महिन्यात सूर्यास्ताचे चाळीस फोटो असतील तर एक ठेवावा, तोही ज्याच्या पुढ्यात आपलं कुणीतरी उभं आहे असा. आणि बाराच्या बारा फोटोंत सगळे हसत असतील तर थोडं मागे वळून पाहावं. कंटाळा, थकवा, रुसवा यांतला एखादा फोटो आत आला की बाकीच्या अकरांवर विश्वास बसतो.

तारखांची घडी आत्ताच बसवायला हवी. फोटो काढल्याची वेळ फाइलच्या आत लिहिलेली असते. मेसेजिंग अॅपमधून नेहमीच्या पद्धतीनं पाठवलेल्या फोटोतून ती बहुधा गळून पडते आणि फोटोही आकसतो. दुसऱ्यांनी काढलेले फोटो मागवताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं आवर्जून सांगावं, म्हणजे मूळ फाइल येते. वेगळा कॅमेरा वापरत असाल तर दिवसाच्या सुरुवातीला त्यानं फोनच्या पडद्यावरच्या घड्याळाचा एक फोटो काढून ठेवावा. कॅमेऱ्याचं घड्याळ किती मागे-पुढे आहे ते त्यावरून कळतं आणि सगळ्या फोटोंची वेळ एकदम तेवढीच सरकवता येते. नाहीतर दोन्हींचे फोटो एकत्र केल्यावर पाण्यात उडी आधी आणि पोहायला निघणं नंतर, असा क्रम लागतो. फाइलचं नाव वर्ष, महिना, दिवस याच क्रमानं द्यावं, म्हणजे कुठल्याही यंत्रावर ती आपसूक ओळीनं लागते. मूळ फाइलमध्ये जागेचा ठावठिकाणाही असू शकतो, तेव्हा मुलांचे फोटो चारचौघांत टाकताना तो काढून टाकावा.

बारांच्या तीन प्रती हव्यात. दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या घरात किंवा क्लाऊडवर. पेन ड्राइव्ह कपाटात टाकून निश्चिंत होऊ नये. वर्षानुवर्षं वीज न मिळालेल्या फ्लॅश मेमरीतली माहिती झिरपून जाऊ शकते.

आणि प्रिंट काढाव्यातच. इथे एक फसगत ठरलेली. फोनचा फोटो चारास तीन या मापाचा, सहा बाय चारचा कागद तीनास दोनचा. त्यामुळे आडव्या फोटोची उंची साधारण अकरा टक्के कापली जाते, आणि ते काप यंत्रावर सोडलं तर नेमकी डोकी किंवा पावलं जातात. आपण स्वतः आधीच त्या मापात कापून द्यावं. प्रिंट पडद्यापेक्षा गडद येते, कारण पडद्यामागे दिवा असतो आणि कागदामागे नसतो. छापायला देण्याआधी फोटो किंचित उजळ करावा. आधी एकच काढून बघावी, मग बाकीच्या अकरा. ताज्या प्रिंट दिवसभर मोकळ्या ठेवाव्यात, लगेच एकमेकींवर रचू नयेत. अल्बम घेताना चिकट पानांचा घेऊ नये. तो डिंक काही वर्षांत पिवळा पडतो आणि फोटोला असा धरतो की सोडवताना फोटो फाटतो. पीव्हीसीचे खिसेही नकोत, त्यांतली रसायनं हळूहळू फोटोवर उतरतात. पॉलिप्रोपिलीनचे खिसे किंवा आम्लरहित कागदाची पानं आणि कोपऱ्यात अडकवायचे त्रिकोण, हे उत्तम.

शेवटी प्रिंट उलटी करायची. हल्लीच्या फोटो कागदाची पाठ गुळगुळीत असते, त्यावर पेन्सिल चालत नाही, आणि बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उठतो. न पुसल्या जाणाऱ्या शाईचं बारीक टोकाचं पेन घ्यावं, अगदी कडेला हलक्या हातानं लिहावं, पाच-दहा मिनिटं वाळू द्यावं. तारीख, जागा, डावीकडून उजवीकडे नावं. खाली एक ओळ, फोटोत न दिसणारी. उदाहरणार्थ: ‘तिघं पुढे पळाली. चौथीला पाण्याबाहेर यायचंच नव्हतं, म्हणून ठसे तिघांचेच.’